उताराचं मैदान

"म्हणजे तुम्ही माझा एकही सामना पाहिला नाहीत?" एलॉयनं विचारलं.

"एक पाहिला," फादर सेवेरिनो म्हणाले. "अर्धा. मग झोप लागली."

"झोप?"

"गाढ. चेंडू तुझ्याकडे होता. काळजी कसली?"

एलॉय हसला नाही. सतरा वर्षं स्पेनच्या लहानमोठ्या मैदानांवर मधल्या फळीत खेळलेला हा माणूस सकाळपासून गाडी चालवत उत्तरेच्या डोंगरातल्या या मठापर्यंत आला होता. तो काही गुरूच्या झोपेची हकिगत ऐकायला नव्हे.

तो लहानपणी शिकला त्या मठाच्या शाळेत आता मुलं नव्हती. खोऱ्यातली माणसं कामाच्या शोधात शहरांकडे गेली आणि पोरंही त्यांच्यामागून गेली. शाळेच्या मैदानात गाई चरत होत्या. फादर भिंतीलगत उन्हाला बाकावर बसले होते. त्यांनी आपला सुजलेला पाय एका जुन्या कातडी चेंडूवर टेकवला होता. शाळेच्या त्या एकुलत्या एका चेंडूला आता एवढंच काम उरलं होतं.

एलॉयनं आणलेली चौकट उघडून दाखवली. काचेमागे त्याचा जर्सी-शर्ट होता, पाठीवर नाव, खाली सही.

"भोजनगृहात लावा. माझी आठवण."

"तिथं एका हुतात्म्याचं चित्र आहे," फादर म्हणाले. "जेवताना एक पुरे."

एलॉयनं चौकट बाकाला टेकवून ठेवली. शर्टाचं तोंड भिंतीकडे गेलं. फिरवावी असं दोघांपैकी कुणालाही वाटलं नाही.

"समुद्रापलीकडच्या एका क्लबानं बोलावलंय," तो म्हणाला. "आणखी एक वर्ष. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे."

"मग कळव."

"काय कळवू, तेच विचारायला आलोय."

"मला? पोरा, मला ऑफसाइड अजून समजत नाही."

खाली, मैदानाच्या पार टोकाला, ओढ्याचा आवाज येत होता.

"जे विचारायला आलास ते विचार," फादर म्हणाले.

"मी चांगला खेळलो का?"

...

छत्तीस वर्षांच्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न बरा दिसत नाही. पण शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून कधी 'बरं' म्हटलं नाही, तर पुढे हजारोंनी टाळ्या वाजवल्या तरी तेवढी एक जागा रिकामी राहते. ती भरत नाही. फार तर माणूस तिच्यावर एक चौकट टांगतो.

"बाकीचे काय म्हणतात?" फादरनी विचारलं.

"वर्तमानपत्रवाले तिजोरी म्हणतात. माझ्या पायातला चेंडू कुणाला मिळत नाही म्हणून."

फादरनी मान डोलावली. तिजोरी ही भरवशाची वस्तू खरी. लग्नकार्यात दागिने तिच्यातून काढतात, घालून मिरवतात आणि रात्री परत तिच्यात आणून ठेवतात. तिला कुणी कार्याला नेत नाही.

"देशाकडून खेळलास?"

"एकदा बोलावणं आलं. कुणाचा तरी घोटा मुरगळला होता. मला बाकावर बसवलं. शेवटी म्हणाले, अंग गरम कर. मग मैदानाच्या रेषेबाहेर पळत राहिलो." एलॉय थोडा थांबला. "सामना संपला, दिवे विझले. माझं अंग अजून गरमच होतं."

"आता?"

"आताही."

एक गाय चरत चरत जवळ आली. तिनं एलॉयच्या बुटाचा वास घेतला आणि काही विशेष नाही असं ठरवून निघून गेली.

"एक गोष्ट सांगतो," एलॉय म्हणाला. "कुणाला सांगितलेली नाही. चषकाचा अंतिम सामना होता. शेवटची काही मिनिटं, बरोबरी. चेंडू माझ्याकडे आला. डावीकडून आमचा पोरगा सुटला होता. त्यांच्या दोन बचावपटूंच्या मधे एक फट दिसली. एवढीशी. मला दिसली, फादर. मैदानावर आणखी कुणालाही दिसली नसेल."

"मग?"

"पास चुकला असता तर चेंडू गेला असता. मी बाजूच्याला दिला."

"आणि?"

"पेनल्टीवर हरलो. दुसऱ्या दिवशी छापून आलं, आमच्या संघात फक्त मीच चांगला खेळलो. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही."

"ते दुखतंय?"

ती फट एलॉयला अजून दिसायची. जेवताना ताटापलीकडे, गाडीच्या काचेतून, त्याच्याशी कंटाळून बोलणाऱ्या बायकोच्या खांद्यावरून. आणखी एक वर्ष खेळलो तर पुन्हा एकदा दिसेल, हे तो मनातल्या मनातही मोठ्यानं म्हणत नसे.

...

"तोरीबिओ आठवतो?" फादरनी अचानक विचारलं.

तोरीबिओला कोण विसरेल? पाय नव्हते, फावडी होती.

हे मैदान उताराचं. डोंगरात सपाट जागा सापडली नाही, म्हणून शाळेनं जी होती तिलाच मैदान म्हटलं. खालच्या अंगाला गुडघाभर उंचीची भिंत आणि भिंतीपलीकडे थेट ओढ्यापर्यंत कडा. चेंडू एकच. म्हणून फादरचा नियम होता. चेंडू जो घालवील, त्यानंच खाली उतरून तो आणायचा. तो परत येईपर्यंत खेळ बंद. बाकीच्यांनी ज्या जागी असतील त्या जागी उभं राहायचं, पाऊस असो की बर्फ. दुसरा चेंडू असता तरी फादरनी तो काढला नसता असं मुलं म्हणत.

तोरीबिओ अर्धा खेळ खालीच असे. तो गेला की लवकर येत नसे. खाली एक पाणचक्की होती आणि चक्कीवाल्याला एक मुलगी होती. वर उभ्या असलेल्यांना ती दिसत नसे, फक्त हसणं ऐकू येई. मग कधीतरी तोरीबिओ भिंतीवरून डोकं वर काढी. काखेत चेंडू, गुडघ्यापर्यंत ओला, रानफळांनी तोंड जांभळं.

एलॉय मैदानाच्या मधोमध, गारठलेली बोटं काखेत दाबून त्याची वाट पाहत असे. त्याला तोरीबिओचा फार राग येई.

"खाली काय आहे रे?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"चुकीचा पास दे," तोरीबिओ म्हणाला होता. "मग कळेल."

"काय करतो तो आता?" एलॉयनं विचारलं.

"सासऱ्याची चक्की चालवतो. रविवारी पीठ आणून देतो. अजून चेंडूला लाथ मारू देत नाही मी त्याला." फादरनी काठीनं गुडघा खाजवला. "तू कितीदा गेलास रे खाली?"

"मी?" एलॉयची मान आपोआप ताठ झाली. "एकदाही नाही."

त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

ओढ्याचा आवाज येतच होता...

"तुम्हीच तर शिकवलंत," तो म्हणाला. आवाज थोडा चढला होता. "चेंडू घालवायचा नाही."

"मी?"

"मग कुणी?"

"मी म्हणत होतो, जो घालवील त्यानं आणायचा."

"एकच झालं ते."

फादरनी दोन्ही हातांनी सुजलेला पाय उचलून बाजूला ठेवला आणि काठीच्या टोकानं चेंडूला ढकललं.

चेंडू अंग मोडल्यासारखा आधी एकदा डुलला. मग उताराला लागला.

एलॉयचा पाय आपण होऊन पुढे गेला. चेंडू त्याच्या बुटाखाली येऊन जागच्या जागी थिजला, जसा सतरा वर्षं थिजत आला होता.

"वा," फादर म्हणाले. "आता झोप येईल मला."

एलॉयच्या खिशात फोन वाजू लागला. क्लबाशी बोलणी करणारा त्याचा दलाल असणार. संध्याकाळ व्हायला आली होती.

त्यानं फोन काढला नाही. तो खाली बघत होता. उताराच्या शेवटी, भिंतीच्या अलीकडे दोन गाई मान खाली घालून चरत होत्या. दोघींच्या मधे एक फट होती. एवढीशी. पलीकडे धावत सुटलेला कुणीही नव्हता. नुसती भिंत होती आणि भिंतीच्या वर मोकळं आभाळ.

एका गाईनं पाऊल उचललं. फट मिटायला लागली.

एलॉयनं पास दिला.

चेंडू दोन्ही गाईंच्या मधून गेला. एकीनंही मान वर केली नाही. त्यानं भिंतीपाशी टप्पा घेतला, काठावरून उडाला आणि दिसेनासा झाला. बऱ्याच वेळानं खालून पाण्याचा आवाज आला.

एलॉय होता तिथंच उभा राहिला. चेंडू गेला की हलायचं नाही, ही लहानपणची सवय. त्याचे हात आपोआप काखेत गेले होते. फोन वाजून वाजून बंद झाला.

फादरनी बाकाला पाठ टेकली आणि दोन्ही हात काठीवर ठेवले. ते रिकाम्या मैदानावरून नजर फिरवत राहिले. जणू कोण कुठल्या जागी उभं आहे ते पाहून घेत होते.

"बघतोस काय?" ते म्हणाले. "जा. आम्ही थांबतो."