सोमिलाचा रांजण

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीकाठच्या पोतली नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. मोठा झाल्यावर तो निळीच्या रंगाऱ्यांचा ज्येष्ठक, म्हणजे त्यांच्या श्रेणीचा मुख्य झाला. त्याच्या अंगणात रांजणांची रांग होती आणि पुष्कळ मजूर कामाला येत. भिंतीपलीकडे त्याचा लहानपणचा मित्र सोमिल राहत असे. सोमिलाकडे एकच रांजण होता, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. येईल त्याचे कापड तो रंगवून देई. तो कोणाचा चाकर नव्हता.

निळीचा रांजण जिवंत असतो. त्याला गूळ, चुना आणि शिजवलेले टाकळ्याचे बी घालून जपावे लागते. नवे पाणी जुन्यातच मिसळावे लागते, विरजणासारखे. एकदा ओतून टाकला की तो गेलाच. सोमिलाचा रांजण त्याच्या आजोबांनी लावलेला होता आणि तेव्हापासून तो कधी रिकामा झाला नव्हता.

त्या दिवशी विशेष काही नव्हते. सकाळी दोघे भिंतीच्या दोन अंगांना उभे राहून नेहमीसारखे बोलत होते.

“तुझ्या रांजणांना शिळ्या ताकाचा वास येतोय,” सोमिल म्हणाला.

“आणि तुझ्या?”

“माझ्याला आजोबांचा येतो. तेही फारशी अंघोळ करीत नसत.”

तेवढ्यात गल्लीत दवंडी आली. आजवर राजाचा वाटा रंगवलेल्या कापडावर असे. काम झाले तर कर, नाही तर नाही. पण नदीच्या घाटावर कापड मोजणारे अधिकारी त्यात हात मारीत, म्हणून अमात्यांनी सोपी रीत काढली होती. येत्या पौर्णिमेला मोजणी होईल. ज्या दाराआड निळीचा भरला रांजण असेल त्या प्रत्येक दाराला सारखाच कर. रांजण एक असो वा शंभर.

“आणि ज्याच्याकडे महिनाभर कोणी फिरकलंच नाही, त्यानं?” सोमिलाची बायको उत्पला हिने विचारले.

“दार आहे ना, बाई?” दवंडीवाला म्हणाला.

“आहे.”

“मग कर आहे.”

“तर मग दार विकतो,” सोमिल म्हणाला, “आणि भिंतीवरून उडी मारून घरात जातो. सासुरवाडीची माणसं तरी यायची थांबतील.”

गल्ली हसली. बोधिसत्त्वही हसला. जो हसवतो तो सावरलेला आहे, असे त्याला वाटले.

दुपारी त्याचा कारभारी हलक्या आवाजात म्हणाला, “स्वामी, हा कर तुम्हाला जाणवणारही नाही. पण एका रांजणावाल्यांना तो झेपणार नाही. पौर्णिमेनंतर ही सगळी गल्ली तुमच्या अंगणात मजुरीला येईल. तुम्ही फक्त गप्प बसायचं.”

“गप्प बसवत नाही,” बोधिसत्त्व म्हणाला.

तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला. कर दाराला आहे, रांजणाला नाही. मग मधल्या भिंती पाडल्या तर साऱ्या गल्लीचे एकच दार होईल. कराचा भार ज्याने त्याने आपल्या कामाच्या मानाने उचलावा. म्हणजे बहुतेक भार त्याच्यावरच येणार होता, आणि ते त्याला मान्य होते. मात्र राजाला फसवून हे करायचे नाही, आधी त्याची अनुज्ञा घ्यायची, असे त्याने ठरवले.

संध्याकाळी तो भिंतीपाशी गेला. पलीकडे सोमिल खोकत होता. सांगावे असे त्याच्या मनात आले. पण राजाने नाकारले तर? उगाच आशा कशाला लावावी? नक्की झाल्यावरच सांगू, असे म्हणून तो परतला.

राजा सीमेवर गेला होता. बोधिसत्त्व रोज उजाडताच राजवाड्याच्या ओसरीवर जाऊन बसे आणि अंधार पडल्यावर घरी येई. पौर्णिमेच्या सकाळी राजा आला. त्याने सगळे ऐकून घेतले.

“कर चुकवण्याची युक्ती कर घेणाऱ्यालाच सांगतोस?” राजा म्हणाला.

“महाराज, रंगारी उरले तर पुढच्या वर्षीही कर मिळेल.”

“पाडा भिंती,” राजा म्हणाला.

बोधिसत्त्व धावतच घरी आला. त्याने पहार घेतली आणि सोमिलाच्या भिंतीवर पहिला घाव घातला. माती ढासळली. पलीकडे सोमिल पायरीवर बसला होता. रांजण रिकामा होता, आणि मोरीपासून उकिरड्यापर्यंत जमीन निळी झाली होती.

“सकाळीच उपसून ओतला,” उत्पला म्हणाली. “मोजणीवाले येण्याआधी. हे सारखे भिंतीकडे बघायचे, भाऊजी. तुम्ही रोज राजवाड्यात जाता म्हणून कळलं होतं. म्हणाले, मोठ्यांची कामं मोठी असतात.”

बोधिसत्त्वाने सगळी हकिकत सांगितली. सोमिलाने ती शांतपणे ऐकली.

“नुसतं ‘थांब’ म्हणाला असतास तरी थांबलो असतो,” तो म्हणाला.

“नक्की नव्हतं, सोमिला.”

“नक्की झाल्यावर तर दवंडीवालाही सांगतो, गड्या.”

बोधिसत्त्वाने आपल्या रांजणातले पाणी कळशीभर आणून त्याच्या रांजणात घातले. काही दिवसांनी फेस आला, वर तांबूस साय धरली. सोमिल पुन्हा कापड रंगवू लागला. गल्लीतला एकही रंगारी मजुरीला गेला नाही. गिऱ्हाइकांना सोमिलाच्या कापडात काही फरक दिसला नाही. तो फक्त त्या दोघांना दिसे. भिंत नव्हती, तरी सकाळी वासावरून कोणी कोणाला चिडवीत नसे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात एका भिक्षूला सांगितली. शेजारच्या कुटीतला वृद्ध स्थविर आजारी होता. हा भिक्षू त्याच्यासाठी वैद्याच्या मागे लागला होता, पण वैद्याचा होकार मिळाला की मगच स्थविराला सांगायला जाऊ, म्हणून थांबला होता. वैद्य यायला कबूल झाला त्या सकाळी स्थविर गेला.

शास्ते म्हणाले, “भिक्षू, तेव्हाचा राजा म्हणजे आताचा भिक्षू आनंद. उत्पला म्हणजे विहारात रोज पेज आणणारी ही उपासिका. सोमिल म्हणजे तुझ्या शेजारचा स्थविर, आणि ज्येष्ठक तो मीच. या कथेतला गुण करुणा. भिंती पाडल्या, गल्ली वाचली. दवंडीच्या संध्याकाळी मात्र मी सोमिलाकडे गेलो नाही.”