कोल्ह्याची बाकी

एका जंगलात, मोहाच्या जुन्या झाडाच्या ढोलीत एक खार आपल्या तीन पिल्लांना घेऊन राहत असे. कामाला वाघ, पण हिशोब म्हटला की तिची शेपटी भीतीने फुलून यायची. त्यातही भागाकार! तो शब्द कानावर पडला, की तिला नेमकं ढोलीतलं एखादं राहिलेलं काम आठवे.

त्या जंगलाची एक रीत होती. थंडीत बोरी लगडल्या, की सात घरांनी मिळून बोरं वेचायची, वाळवायची आणि पळसाच्या पानात बांधून त्यांच्या पुड्या करायच्या. अस्वल, हरीण, माकड, ससा, साळिंदर, मोर आणि खार अशी ती सात घरं. उन्हाळ्यात रान कोरडं पडलं, की त्या पुड्यांवरच पाऊस येईपर्यंत दिवस काढायचे. कोल्हा काही बोरं वेचायला येत नसे. काटे टोचतात म्हणे! त्याच्याकडे वाटपाचं काम होतं. तो धुळीत रेघोट्या ओढी, डोळे मिटून काहीतरी पुटपुटे, मग प्रत्येक घराला एकेक पुडी देत फेऱ्या घाली. आठ फेऱ्या झाल्या, की हात झटकून म्हणे, "संपलं! आता भागत नाही. उरली ती बाकी, आणि बाकी वाटणाऱ्याची. चला, पाठ फिरवा. बाकीकडे बघितलं की बोरी रुसतात." बोरी रुसल्या तर खायचं काय? सगळे मुकाट्याने पाठ फिरवत आणि घरी जात.

आठ पुड्या खारीला पुरत नसत. मागच्या उन्हाळ्यात त्या पावसाच्या आधीच संपल्या होत्या. पिल्लं रिकामी पानं चाटत बसली, तेव्हा तिला रडू आवरलं नव्हतं. यंदाही तसंच झालं तर, या विचाराने तिचा जीव कासावीस होई.

वाटपाच्या आदल्या दिवशी धाकट्या पिल्लाने विचारलं, "आई, भागाकार म्हणजे गं काय?"

"मला नाही बाई येत," खार म्हणाली. "मला आपली वजाबाकी तेवढी येते. दहातून तीन गेले, उरले सात. त्याच्या पुढचं सगळं कोल्होबांना ठाऊक."

"मग आपण कोल्होबा-कोल्होबा खेळू!" थोरलं ओरडलं आणि लगेच कोल्हा झालंसुद्धा. त्याने वीस चिंचोके मांडले, नाक वर केलं, डोळे मिटून पुटपुटलं आणि आईला, मधल्याला, धाकट्याला एकेक चिंचोका देत सुटलं. चार फेऱ्या झाल्यावर त्याने उरलेल्या चिंचोक्यांवर झडप घातली. "आता भागत नाही! बाकी माझी!"

"भागत नाही कसं?" धाकट्याने ओठ काढला. "आठ उरलेत. आठातून तीन जातात की! आई, सांग ना याला!"

खार सांगायला गेली आणि मध्येच थांबली. आठातून तीन गेले, उरले पाच. पाचातून तीन गेले, उरले दोन. दोनातून मात्र तीन जाईनात. तिने चिंचोके परत गोळा केले आणि पहिल्यापासून सगळं करून पाहिलं. वीसातून तीन, पुन्हा तीन, पुन्हा तीन. सहा वेळा तीन गेले, दोन उरले. म्हणजे प्रत्येकाला सहा आणि बाकी दोन.

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. "एवढाच होय भागाकार? ही तर माझीच वजाबाकी, पुन्हा पुन्हा केलेली!" इतकी वर्षं आपण कशाला घाबरत होतो, याचं तिला हसू आलं. मग तिला मागचा उन्हाळा आठवला आणि हसू मावळलं.

दुसऱ्या दिवशी वडाखाली ऐंशी पुड्यांचा ढीग लागला. कोल्ह्याने रेघोट्या ओढल्या, पुटपुटून झालं, आठ फेऱ्या झाल्या. "संपलं! आता भागत नाही. चला, पाठ फिरवा."

सगळ्यांनी पाठ फिरवली. खारीचे पाय मात्र हलेनात. तिने ढिगाकडे पाहिलं, चांगलं रोखून पाहिलं, आणि पुड्या मोजल्या.

"कोल्होबा, थांबा जरा," ती म्हणाली. "चोवीस उरल्यात. चोवीसातून सात जातात."

"तुला गं भागाकार कधीपासून यायला लागला?" कोल्हा गुरकावला.

"भागाकार राहू द्या. वजाबाकी येते मला."

"खारूताई, जाऊ दे ना," अस्वल पाठमोरंच पुटपुटलं. "रीत आहे. बोरी रुसल्या तर?"

"अस्वलदादा, मागच्या वर्षी माझी पिल्लं उपाशी झोपली. बोरी रुसायच्या तेव्हा रुसतील, माझी पिल्लं आजच रुसलीत!" खारीने एक पुडी उचलली आणि अस्वलाच्या पुढ्यात नेऊन ठेवली. मग हरणाच्या, मग माकडाच्या. एक फेरी झाली. "चोवीसातून सात गेले, उरले सतरा!" पिल्लं ओरडली. आता सगळेच वळून बघू लागले. दुसरी फेरी झाली, उरल्या दहा. तिसरी फेरी झाली, उरल्या तीन. "तीनातून सात जात नाहीत!" साऱ्या जंगलाची पोरं एका सुरात म्हणाली. प्रत्येक घरापुढे अकरा पुड्या झाल्या होत्या.

"ही खरी बाकी, कोल्होबा," खार म्हणाली. "तुमची आहे, घ्या."

कोल्हा त्या तीन पुड्यांकडे बघत राहिला. त्याचे कान पडले. तीन पुड्यांत उन्हाळा निघणार नव्हता, हे कळायला त्याला रेघोट्या ओढाव्या लागल्या नाहीत.

"आई," धाकटं हळूच म्हणालं, "आपण त्यांचं घर धरलंच नाही."

खारीने आपल्या अकरा पुड्यांकडे पाहिलं. हाती लागलेली पुडी परत द्यायची, म्हणजे जिवावर येणारच. पण दहांत तिचं नीट निभणार होतं, उगाच खोटं कशाला बोला? तिने एक पुडी उचलली आणि कोल्ह्याच्या तीन पुड्यांशेजारी नेऊन ठेवली. सशाने ठेवली. हरणाने ठेवली. माकडाने आधी डोकं खाजवलं, मग ठेवली. साळिंदर आणि मोर आले. शेवटी अस्वल कुरकुरत आलं.

आता आठ घरांपुढे दहा-दहा पुड्या होत्या. वडाखाली पानाचा तुकडासुद्धा उरला नव्हता.

"म्हणजे," कोल्हा खाली मान घालून म्हणाला, "माझं घर धरलं की बाकीच राहत नाही."

पुढच्या थंडीत बोरी पूर्वीसारख्याच लगडल्या. कोल्हाही बोरं वेचायला आला, आणि दर काट्याला "आई गं!" म्हणत का होईना, पण त्याने आपली टोपली भरली.

तात्पर्य : भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली वजाबाकी; जोवर सगळ्यांना पुरेल अशी आणखी एक फेरी होते, तोवर उरलेल्याला बाकी म्हणू नये, आणि वाटायला बसताना कुणाचंही घर वगळू नये.