हाडातली गर्दी

"मग मी जायचं तरी कधी, तेवढं सांग," गोविंदगिरी महाराजांनी विचारलं.

"कुठंच जायचं नाही, बाबा!"

डॉक्टर उदयन टेकडीच्या पायऱ्या धावत चढून आला होता. धाप लागली होती, तरी हसू चेहऱ्यावर मावत नव्हतं.

महाराज ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. चेहरा पांढराफटक. समोर चिंचेखाली शिष्यांनी समाधीची जागा झाडून ठेवली होती. त्यांचा तरी काय दोष? परवा उदयननेच छातीठोकपणे सांगितलं होतं: तांबड्या पेशी कमी, पांढऱ्या कमी, प्लेटलेट्सही कमी, म्हणजे हाडातली मज्जाच वाळली. याच मठात वाढलेला पोर, आता शहरातला रक्तविकारांचा मोठा डॉक्टर. त्याच्या शब्दाबाहेर कोण जाणार?

"परवा तर म्हणालास, झरा आटला."

"चुकलो."

हा शब्द उदयनच्या तोंडून सहसा निघत नसे. आज आनंदाच्या भरात निघून गेला.

"पेशी कमी झाल्या की बघायचं, त्या तयारच होत नाहीत, की बाहेर आल्यावर मारल्या जातात, की पोटातल्या फुगलेल्या प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, अडकून पडतात. मी पहिलंच धरून बसलो. पण काल तुमच्या कमरेच्या हाडातली मज्जा काढली, ती आज पाहिली..."

"रिकामी?"

"खच्चून भरलेली! पाय ठेवायला जागा नाही!"

महाराज सावरून बसले. "आत गर्दी, आणि रक्तात दुष्काळ?"

"तेच तर! पेशी जन्मतात, वाढतात, पण पिकत नाहीत. कच्च्याच आतल्या आत मरतात. बाहेर पोचतात त्या मूठभर."

"कशानं?"

"बी-बारा जीवनसत्त्व नाही म्हणून. लागतं अगदी कणभर, पण शरीराला ते स्वतः बनवता येत नाही. बाहेरूनच घ्यावं लागतं. आणि तुम्ही दूध-दही सोडून बसलात..."

महाराजांची नजर गोठ्याकडे गेली.

गोठ्यातलं एक वासरू दुधावाचून गेलं, तेव्हापासून त्यांनी दुधाला स्पर्श केला नव्हता. औषधही ते कुणाकडून घेत नसत. त्या व्रताचा मठात केवढा बोलबाला होता!

उदयनने सुई भरली. नाही म्हणाले तर? उपाय हातात असून बाबा डोळ्यांदेखत जायचे...

महाराजांनी मुकाट्याने दंड पुढे केला.

सुई टोचली आणि उदयनचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. मग पुन्हा तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"आता बघाच, बाबा! थोड्याच दिवसांत तरतरी येईल. मी हे डॉक्टरांच्या परिषदेत मांडणार. माझ्या जागी दुसरा कुणी असता ना, तर त्याच्या लक्षातही आलं नसतं!"

महाराज त्याच्याकडे पाहत राहिले.

"गणू," त्यांनी गोठ्याकडे हाक दिली, "वासरं पिऊन झाली असली तर वाटीभर दूध तापवून आण."

दूध आलं. महाराजांनी डोळे मिटून सावकाश अर्धी वाटी संपवली.

"त्या कच्च्या पेशी... दिसायला कशा रे असतात?"

"मोठ्या! पिकलेल्यांपेक्षाही मोठ्या दिसतात."

"असं..."

महाराजांनी वाटी त्याच्या हातात ठेवली.

"घे. उरलेलं तू पी."