सुपातल्या केरबाची कहाणी

ऐका सटवाईमाई, तुमच्या सुपाची कहाणी. आटपाट नगराच्या वेशीला कुंभारवाडा होता. तिथं सगुणा कुंभारीण राही. तिला तीन लेक झाले. पहिल्याचं नाव हिरोजी ठेवलं, तो पाळण्यात गेला. दुसऱ्याचं माणकोजी ठेवलं, तो रांगता गेला. तिसऱ्याचं रत्नोजी ठेवलं, तो पहिलं पाऊल टाकून गेला. मग पाळणा माळ्यावर चढला.

पुढं चौथा लेक झाला. सगुणा हसायची सोडून रडूं लागली. तों दारी एक म्हातारी झाडणारीण आली. “बाई बाई, कां रडतेस?”

“हाही जाईल, म्हणून रडतें.”

“मग वसा घे. पण तूं उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.”

“उतणार नाहीं, मातणार नाहीं, घेतला वसा टाकणार नाहीं.”

म्हातारी म्हणाली, “अंगण झाडावं. केर सुपांत भरावा. त्यावर लेकरूं निजवावं, सूप दाराबाहेर ठेवावं. मी उचलीन. मग मूठभर जोंधळे देऊन तूं तें माझ्याकडून घ्यावं. नांव केरबा ठेवावं. चारचौघांत त्याच नांवानं हाक मारावी, लाजूं नये.”

नाकं मुरडूं नका गं बायांनो! सगुणेनं तसं केलं, आणि लेक जगला.

केरबा मोठा झाला. राजाच्या तळ्याचा बांध तीनदां फुटला, भले भले गवंडी हरले. केरबानं कुंभारमाती तुडवली, बांध लिंपला, पाणी अडलं. राजानं मायलेकांना दरबारीं बोलावलं. चोपदारानं सगुणेला पुसलं, “बाई, लेकाचं नांव काय पुकारूं?”

सगुणेनं शालू नेसलेल्या बायका पाहिल्या. तिला लाज वाटली. म्हणाली, “राजशेखर.”

चोपदारानं एकदां पुकारलं, केरबाचा चेहरा उतरला. दुसऱ्यांदा पुकारलं, पाय लटपटले. तिसऱ्यांदा पुकारलं, तो भुईवर कोसळला. अंग गार पडलं. सगुणेनं हंबरडा फोडला. दाराशीं तीच म्हातारी झाडीत होती.

“सगुणे, मातलीस ना? ज्या नांवानं तो राखला, तेंच झांकलंस!”

सगुणा उठली. भर दरबारांत पदर खोचून तिनं हाक मारली, “केरबा! माझ्या केरबा! अरे केरबा!” तिसऱ्या हाकेला लेकानं डोळे उघडले. “ओ, आई,” म्हणाला.

बायका फिदीफिदी हसल्या. राजानं पुसलं, “हें कसलं नांव?”

सगुणेनं मान ताठ केली. “महाराज, हिरा ठेवला, माणिक ठेवलं, रत्न ठेवलं. मरणानं तिन्ही उचलून नेलीं. मग केर ठेवला. केराला कुणी हात लावीत नाहीं. म्हणून आज तुमचं तळं भरलंय.”

राणी सिंहासनावरून उतरली. तिचेही दोन राजपुत्र गेले होते, तिसरा दाईच्या मांडीवर तापानं फणफणत होता. तिनं सोन्याचा पाळणा बाजूला सारला, म्हातारीचा केरसुणीचा हात धरला.

“माई, सूप आण.”

राजपुत्र सुपांत निजला. राणीनं मूठभर जोंधळे मोजले नाहींत, ओंजळ भरून दिले. ताप उतरला. नगरांत नगारा वाजला, युवराजाचं नांव केरबा.

सगुणेचा केरबा जगला, राणीचा केरबा जगला, तसे तुमचे आमचे सगळ्यांचे जगोत. साठां उत्तरांची कहाणी सुपांत मावली, पांचां उत्तरीं फळाला आली.