बंद पाकिटातली तबकडी

एकदा एक नामवंत गायक आपल्या वृद्ध गुरुजींकडे आठ दिवस मुक्कामाला आला. त्याची पहिली तबकडी पस्तीस वर्षांनी नव्याने निघत होती, आणि तिच्या पाकिटावर छापायला त्याला गुरुजींचे दोन आशीर्वादाचे शब्द हवे होते.

तो मुहूर्त साधूनच आला होता. गुरुजींच्या कपाटात तबकड्या गायकांप्रमाणे लावलेल्या नव्हत्या, वर्षांप्रमाणे होत्या. दर श्रावणात ते एक वर्ष काढीत आणि त्या वर्षातली प्रत्येक तबकडी पुन्हा ऐकत. यंदा नेमके शिष्याच्या पहिल्या तबकडीचे वर्ष आले होते.

रोज सकाळी बैठक बसे. गुरुजी, शिष्य आणि दाराशी मावशी. मावशी म्हणजे गुरुजींच्या गुरुभगिनी. उभा जन्म त्यांनी या घरात विद्यार्थ्यांमागे तंबोरा धरला आणि त्यांना जेवू घातले. शिष्य बारा वर्षे त्यांच्याच हातचे जेवला होता.

सात दिवस गेले. कोण कुठला विस्मृतीत गेलेला गवई, तार सप्तकात गळा चिरकणारा, त्याची तबकडी गुरुजींनी दोनदा लावायला सांगितली. शिष्याच्या तबकडीचे मात्र नाव नाही! आठव्या दिवशी गुरुजी म्हणाले, "झालं वर्ष ऐकून."

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक कपाटाशी गेला आणि त्याने स्वतःची तबकडी शोधून काढली. तिच्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता.

"गुरुजी, पस्तीस वर्षांत एकदाही ऐकली नाहीत? त्या चिरक्या गळ्याला दोनदा दाद, आणि पोटच्या पोरासारखा वाढवलेला मी बंद पाकिटात? माझं चुकलं तरी काय?"

"मागची बाजू वाच," गुरुजी म्हणाले. "मोठ्यानं."

शिष्य तावातावाने वाचू लागला. राग, ताल, साथीदार. मग 'रचना : पारंपरिक' असे वाचले, आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"का थांबलास? ती बंदिश कुणी बांधली?"

शिष्याने मान खाली घातली. त्याला ठाऊक होते. मावशींनी ती याच ओसरीवर तांदूळ निवडता निवडता बांधली होती आणि पहिल्यांदा त्यालाच शिकवली होती.

"कंपनीच्या माणसानं घाईत विचारलं. मी म्हटलं, जुनीच आहे. सगळेच तसं छापतात, गुरुजी."

"सगळेच!" म्हाताऱ्याचा आवाज असा चढला की शिष्य दचकला. "अरे, परंपरा म्हणजे काय बेवारशी माल आहे, दिसला की उचलावा? ज्यांची नावं काळानं पुसली त्यांच्या रचनांना आपण पारंपरिक म्हणतो, कारण दुसरा इलाज नसतो. तू जिवंत माणसाचं नाव पुसलंस! ज्या दिवशी ही तबकडी आली, त्या दिवशीही ही तुझी मावशी तुझ्या आवडीची आमटी करत होती. तुझं पाकीट मी फोडलं नाही, कारण या घरात तिच्या कानांवर ती चोरी पडू द्यायची नव्हती. आणि त्या चिरक्या गळ्याला हसू नकोस. त्याच्या पाकिटावर तंबोरा धरणाऱ्याचंही नाव आहे. मला आशीर्वाद मागतोस? कुठल्या तोंडानं?"

शिष्याचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्याला स्वतःची विलक्षण शरम वाटत होती. मग त्याने पिशवीतून नव्या पाकिटाचा नमुना काढला, 'पारंपरिक' या शब्दावर काट मारली आणि वर नाव लिहायला पेन टेकवले. पेन तिथेच अडले. बारा वर्षे जेवला, पण 'मावशी' या हाकेपलीकडे काही विचारण्याची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

तो उठून दाराशी गेला आणि त्यांच्या पायांशी बसला. "मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?"

"माझं? पारंपरिक," मावशी म्हणाल्या. "छापलंयस की."

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने पेन खाली ठेवले नाही.

मावशींनी त्याला थोडा वेळ तसेच बसू दिले. मग म्हणाल्या, "लिही. द्वारका भिकाजी मांद्रेकर." त्याने एकेक अक्षर सावकाश लिहिले. त्यांनी ते वाचून पाहिले, मग जुनी तबकडी हातात घेऊन नखाने तिचा प्लास्टिकचा कागद टरकावला आणि ती त्याच्यापुढे धरली. "लाव आता. बघू तरी, माझ्या बंदिशीचं काय केलंयस."

तबकडी लागली. मावशी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होत्या. अंतऱ्यात दोन चुका निघाल्या. त्या त्यांनी सांगितल्या, आणि नामवंत गायकाने हात जोडून ऐकून घेतल्या.