दोर आणि काळा मध

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता ते कुणाला आठवत नाही, आणि आठवून उपयोगही नाही. पोरांनो, तुम्ही ऐका. आणि पोरांच्या बापांनो, तुम्ही तर आधी ऐका. खोड तुमच्यातच जास्त.

एका उंच कड्याच्या पायथ्याला मध काढणाऱ्यांचं गाव होतं. कड्याला आग्या माशांची मोहोळं लटकायची, एकेक सुपाएवढं. माणूस वरून दोराला लोंबकळत खाली उतरायचा, धूर करायचा, पोळं कापायचा. तिथून खाली पाहिलं की नदी सुतासारखी दिसायची.

वर दोर कुणी धरायचा, याचा गावात पक्का रिवाज होता. धरायचा तो बायकोच्या भावानं. सख्ख्या भावानं नाही. सख्खा भाऊ वाटणीचा धनी, त्याच्या मनात कधी काय येईल सांगता येत नाही. पण बायकोचा भाऊ आपल्या बहिणीचं कुंकू पुसणार नाही. सात पिढ्या हा रिवाज चालला आणि सात पिढ्यांत एक दोर सुटला नाही.

कड्यावर थोडी पोळी काळ्या मधाची असायची. विषारी फुलांवर बसणाऱ्या माशांचा तो मध. एक बोट चाटलं की माणूस दुखणं विसरायचा, दोन बोटं चाटली की आईबाप. जुनी माणसं त्याला हात लावत नसत. बाळंतीण फारच अडली तर नखभर, बास.

मग एक दिवस डोंगरापलीकडून कुऱ्हाडवाले आले. दहाबारा जण, आणि त्यांचा एक म्होरक्या. त्यानं बाहेर विकायला म्हणून गावातल्या पोरांना काळा मध काढायला लावला आणि पहिलं बोट त्यांनाच चाटवलं. फुकट. "किती राबता रे तुम्ही, अंग दुखत असेल," म्हणाला. एवढी माया त्या पोरांच्या बापांनी कधी दाखवली नव्हती. ती बापांची चूक, आता बोलून काय?

पुढच्या साली नदीपलीकडून कोयतेवाले आले. त्यांनाही तोच मध हवा. मग कड्यावर चुन्याची रेघ मारली गेली. अलीकडचा कडा कुऱ्हाडवाल्यांचा, पलीकडचा कोयतेवाल्यांचा. कडा गावाचा होता, पण गावाला कुणी विचारलं नाही. गावातलीच पोरं अर्धी इकडे गेली, अर्धी तिकडे. चाटायला मिळावं म्हणून राखण करायची, आणि राखण करायची म्हणून हातात हत्यार घ्यायचं. एका पोरानं रेघेच्या पलीकडे दोन हात जाऊन पोळं कापलं, तर त्याच्या मावसभावानंच त्याला कापला. दोघं एका ताटात जेवलेले. अरे, माशांना तरी ठाऊक होती का ती रेघ?

त्या पोराची चिता जळत असताना लखमा नावाचा एक मध काढणारा उठून उभा राहिला. सगळ्यांदेखत म्हणाला, "काळी पोळी मी कापून नदीत टाकणार. रेघेच्या दोन्ही बाजूंची. मधच राहिला नाही तर हे लांडगे इथं कशाला थांबतील?"

एक म्हातारा म्हणाला, "टाकशील रे बाबा. पण दोर कोण धरणार?"

लखमाच्या बायकोचं नाव मंगी. तिला एकच भाऊ, चैत्या. आणि गावात काळा मध चाटणाऱ्यांत चैत्याचा पहिला नंबर.

चैत्या स्वतःच बहिणीच्या घरी आला. उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "दाजी, दुसरा माणूस बघा. माझे हात थरथरतात."

लखमा काही बोलायच्या आत मंगी कडाडली, "थरथरतात तर थांबव! भाऊ जिता असताना माझ्या नवऱ्याचा दोर परक्यानं धरायचा? लोक माझ्या तोंडावर थुंकतील."

लखमा हसला. "बघ चैत्या, मला कड्याची भीती नाही, तुझ्या बहिणीची आहे. धर बाबा तूच."

तीन दिवस मंगीनं भावाला घरात ठेवून घेतला. पहिल्या दिवशी तो ओकला. दुसऱ्या दिवशी त्यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं, बहिणीला नको नको त्या शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाला, "आक्का, सुटलं बघ." मंगी पदरात तोंड घालून रडली.

सुटलं बिटलं काही नव्हतं. तीन दिवस ते नुसतं लांब जाऊन बसलं होतं. पण हे बहिणीला कोण सांगणार?

चौथ्या दिवशी सकाळी लखमा कड्यावरून उतरला. दोराचा एक वेढा झाडाला, आणि शेंडा चैत्याच्या हातात. दोरावाल्याचं लक्ष ढळू नये म्हणून त्याच्याजवळ दुसऱ्या कुणी थांबायचं नाही, हाही रिवाजच. सगळं गाव खाली नदीकाठी उभं होतं. एक काळं पोळं पाण्यात पडलं. मग दुसरं, तिसरं. लोक ओरडायला लागले. कित्येक दिवसांनी ते गाव आनंदानं ओरडत होतं.

तेवढ्यात वर कुऱ्हाडवाल्यांचा म्होरक्या आला. हातात कुऱ्हाड नव्हती, एक भोपळ्याचं तुंबडं होतं. ते त्यानं दहा पावलांवर एका दगडावर ठेवलं, उघडलं, आणि शेजारी बसला.

"दोर सोड म्हणायला आलो नाही हां चैत्या. मी तसला माणूस नव्हे."

"जा इथून."

"जातो की. हे शेवटचं तुंबडं. तुझा दाजी बाकीचं नदीला पाजतोय. दुपारनंतर या डोंगरात थेंब मिळायचा नाही. एक बोट चाट, मी चाललो."

चैत्याच्या तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांनाही. म्हणाला, "इथं आणून दे."

"गुडघे दुखतात रे माझे. तूच ये."

चैत्या कड्याकडे तोंड करून ओरडला, "दाजी, वर चला! बास झालं!"

खालून लखमाचा आवाज आला, "दोनच राहिलीत रे! धर घट्ट!"

चैत्यानं घाईघाईनं दोराची झाडाला गाठ मारली. थरथरत्या हातांची गाठ ती. दहा पावलं जायची आणि दहा पावलं यायची, एवढंच त्याच्या मनात होतं. बोट तुंबड्यात गेलं, आणि मागं दोर सरसरत निघाला.

खाली गावानं लखमाला पडताना पाहिलं. म्होरक्या कड्यावरून ओरडला, "कोयतेवाल्यांनी दोर कापला रे, कोयतेवाल्यांनी!" लखमाचे भाऊ ते ऐकून हत्यारं घेऊन धावले. आतापर्यंत जे काळ्या मधाला शिवलेही नव्हते, तेही धावले.

मंगी नवऱ्याच्या देहाशी बसली होती. दोराचं टोक तिच्या हाताला लागलं. तिनं पाहिलं. टोक जसंच्या तसं होतं, पात्याची खूण नव्हती. तिला सगळं कळलं. इतक्यात चैत्या कडा उतरून आला. त्याच्या बोटाला मध होता, आणि तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. बोलली असती तर लखमाच्या भावांनी चैत्याची तिथंच खांडोळी केली असती. नवरा तर गेलाच होता. भाऊ तरी राहू दे, एवढाच विचार तिनं केला. मी तिला दोष देत नाही. तुम्हाला द्यायचा असेल तर आधी आपापल्या भावाचं तोंड आठवा.

दिवस कलेपर्यंत ती गप्प राहिली. तेवढ्या वेळात अकरा माणसं मेली. अकरावा चैत्या. म्होरक्यानं त्याला सगळ्यांच्या पुढं धाडलं होतं. "परत आलास की अख्खं तुंबडं तुझं," म्हणाला होता.

भावाचं प्रेत दारात आलं तेव्हा मंगी किंचाळली, "दोर कुणी कापला नव्हता रे! कुणीच कापला नव्हता!" पण ज्यांनी ऐकायचं ते सगळे आडवे झाले होते.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे म्होरके एका दगडावर बसले, चार शब्द बोलले, आणि पुढच्या खोऱ्यात कोण जाणार ते हसतखेळत ठरवून उठले. त्यांच्यात भांडण असं नव्हतंच.

त्या गावात आता मध कुणी काढत नाही. कडा आहे, माशा आहेत, दोरही आहे. पण विश्वासानं दोर हातात द्यावा, असं माणूस उरलं नाही.

बोध एवढाच: नशा विकणारा स्वतः हत्यार उचलत नाही, तो आपल्याच माणसाच्या हातानं आपलं माणूस मारतो.