ढोलीतली धनेशी

फार पूर्वी कलिंगदेशी विजितसेन नावाचा राजा राज्य करीत होता. तेव्हा तिथल्या सखल, दमट वनात बोधिसत्त्वाने धनेश पक्ष्याचा जन्म घेतला होता. त्याची मादी पिल्लासह एका शालवृक्षाच्या ढोलीत होती. धनेशांच्या रीतीप्रमाणे तिने ढोलीचे तोंड आतून लिंपून घेतले होते. उरली होती चोचीपुरती फट. तीतून बोधिसत्त्व तिला उंबरे, जांभळे, करवंदे, तोरणे भरवी. एक झाड सरले की दुसरे फळावर येई. वन कुणाला उपाशी ठेवत नसे.

पुढे राजाला सभागृहासाठी सरळ खांब हवे झाले. वनाध्यक्ष सुबंधूने खांबांसाठी सरळ वाढावेत म्हणून शाल तेवढे राखून बाकीची झाडेझुडपे कचरा म्हणून तोडायला घेतली. शेवटच्या उंबराभोवतीही कुऱ्हाडी जमल्या, तेव्हा बोधिसत्त्व रिकाम्या चोचीने परतला.

"पिल्लाला काय घालू, लाकूड?" मादी आतून कडाडली.

त्याच वेळी राजा वन पाहायला आला. बोधिसत्त्व त्याच्यापुढे उतरला. "महाराज, तोड थांबवा. माझं पिल्लू भुकेलंय."

सुबंधू हसला. "तुझं झाड राखलंय की! उपकार मान."

"महाराज, तुमच्या राणीला एका खांबाला बांधा," फटीतून आवाज आला, "आणि मग विचारा, पोट भरलं का!"

राजा ओशाळला. म्हणाला, "तुमच्या ढोलीला रोज राजवाड्यातून फळांची टोपली येईल. तोड मात्र थांबणार नाही."

पिल्लू क्षीण आवाजात चिरकले. खरे सांगायचे तर, ही कथा लिहिणारी मी तिथे असते तर टोपली घेतली असती. बोधिसत्त्वाने फटीकडे पाहिले.

आत मादीने पिल्लाला पंखाखाली घेतले.

"आणि शेजारणीच्या पिल्लांनी काय खायचं?" मादी म्हणाली. "खारींनी? वानरांनी? नको म्हणा. आणि जरा जोरात म्हणा, हळू बोललेलं यांना ऐकू येत नाही."

"नको!" बोधिसत्त्व म्हणाला.

राजाची मान खाली गेली. त्याने सुबंधूच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. तोड थांबली. बोधिसत्त्वाने अर्धवट तोडलेल्या उंबराचे फळ आणले आणि पिल्लाने ते गिळले.

"आता तरी क्षमा करशील ना, बाई?" राजाने विचारले.

"आधी झुडपं उगवू देत. मग बघू."

एवढे सांगून शास्ते, त्या सकाळी विहारापाशी झालेल्या वादात एका उपासिकेला 'शांत हो' म्हणणाऱ्या भिक्षूंना म्हणाले, "विहारामागची राई तोडायला आलेला हा श्रेष्ठी तेव्हा सुबंधू होता. त्याला उशिरा का होईना अडवणारा नगरपाल तेव्हा राजा होता. पोर कडेवर घेऊन कुऱ्हाडीपुढे उभी राहिलेली ही उपासिका ती मादी, आणि धनेश मीच. आपल्या पिल्लाच्या भुकेतही दुसऱ्याचं पिल्लू आठवणं, याला मैत्री म्हणतात. तेव्हा हिला 'शांत हो' म्हणू नका."